वसईचे साक्षीदार एका पडद्यावर

(वसई येथील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वसईच्या किल्ल्याचे नाव घेतले की मराठी मनात पहिले नाव उमटते ते चिमाजी आप्पांचे. १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा करार झाला, २३ मे रोजी पोर्तुगीज शिबंदी किल्ल्याबाहेर पडली आणि १५३४ पासून या किनाऱ्यावर रुजलेली परकी सत्ता येथून उखडली गेली. हा इतिहास वसईकराला ठाऊक असतोच, असे आपण गृहीत धरतो. परंतु विरारच्या किंवा नालासोपाऱ्याच्या नव्या वसाहतीत वाढणाऱ्या, सातवी-आठवीत शिकणाऱ्या एखाद्या मुलाने विचारले, "हे सारे आपल्याला कशावरून कळले?" तर? या प्रश्नाला आपल्यापैकी किती पालक उत्तर देऊ शकतील?

प्रश्न साधा आहे, पण त्यात पुष्कळ काही पणाला लागले आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, गुजरातेतून आणि उत्तरेतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. पहाटेची लोकल आणि रात्रीचे परतणे यांत आई-वडिलांचा दिवस संपतो. मुलांना घर मिळाले, शाळा मिळाली. परंतु ज्या भूमीवर आपण वाढतो तिच्याशी नाते मिळाले काय? नाते नसलेल्या माणसाला किल्ला म्हणजे छायाचित्रे काढण्याची जागा आणि स्तूप म्हणजे मातीचा उंचवटा. अशा मुलाच्या हाती भ्रमणध्वनी आहे. त्यावर इतिहासाच्या नावाखाली काहीही येऊन आदळते आणि खरे-खोटे पारखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. ते साधन त्याच पडद्यावर त्याला देता येईल काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

साक्षीदार विखुरले आहेत

वसईचा इतिहास एका ठिकाणी नाही, ही पहिली अडचण. सोपाऱ्यास सापडलेले सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सोपाऱ्याच्या स्तूपातून निघालेला धातुकरंडक मुंबईच्याच एशियाटिक सोसायटीकडे आहे. वसईच्या मोहिमेची मोडी पत्रे पुण्याच्या पेशवे दप्तरात, रुमालांत बांधलेली आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, म्हणून त्यातील काही भाग वाचकांपर्यंत आला. पोर्तुगिजांची बाजू गोव्याच्या पुराभिलेखागारात आणि लिस्बनच्या 'तोर्रे दो तोम्बो' या अभिलेखागारात आहे. गोव्याच्या दप्तराची व्यवस्था १५९५ मध्ये दियोगु दो कोतु याच्याकडे सोपविण्यात आली होती. पुढे विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तेथील कागदांतून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. वसईहून नेलेल्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरास आहेत. शिलालेख अर्नाळ्याच्या दरवाजावर आहे, आणि उरलेले सारे किल्ल्यातील पडक्या भिंतींवर.

मुंबई, पुणे, पणजी, नाशिक, लिस्बन! कोणते कुटुंब आपल्या मुलाला घेऊन एवढा प्रवास करील? हे सारे साक्षीदार एका पडद्यावर हजर करणे मात्र आज शक्य आहे. वस्तुसंग्रहालये आणि अभिलेखागारे यांच्या आधाराने मुलांसाठी संवादी शैक्षणिक संकेतस्थळ उभारणे, याचा अर्थ इतकाच. मात्र ते कसे उभारावे, यावर त्याचे यशापयश अवलंबून आहे.

सूची वेगळी, शिक्षण वेगळे

आपल्या देशात या दिशेने काम झालेले नाही, असे मुळीच नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने वस्तुसंग्रहालयांसाठी 'जतन' ही संगणकप्रणाली तयार केली. तिच्या आधारे २०१४ मध्ये देशातील प्रमुख राष्ट्रीय संग्रहालयांतील वस्तूंची माहिती आंतरजालावर आली. २०१५ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' सुरू झाले. २०१९ मध्ये 'इंडियन कल्चर' हे पोर्टल आले. त्याच्या उभारणीत मुंबईच्या आयआयटीचा वाटा होता. ही कामे मोठी आहेत आणि संशोधकांना त्यांचा उपयोग होतो.

तथापि, सूची आणि शिक्षण यांत अंतर आहे. सूची विचारते, "काय हवे आहे?" मुलाला तर काय मागावे हेच ठाऊक नसते. शिक्षण त्याच्यासमोर एक प्रश्न ठेवते आणि त्याला शोधायला लावते. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या शैक्षणिक पाठांची घडण पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पाठाच्या माथ्यावर एक प्रश्न असतो. त्याखाली मूळ कागदाचे छायाचित्र, त्याचे वाचन, गरज असेल तेथे सोप्या भाषेतील रूप आणि मग विद्यार्थ्याने करावयाची कृती. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१० मध्ये 'डॉक्स-टीच' हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात विद्यार्थी कागद काळाच्या क्रमाने लावतो, नकाशावर ठेवतो, कोणता पुरावा कोणत्या बाजूला झुकतो याचे वजन करतो. आणि शिक्षक आपल्या वर्गापुरती नवी कृतीही रचू शकतो. या देशांकडून घ्यायची ती ही शिस्त. आशय आपला, आणि तो आपल्यापाशी विपुल आहे.

सोपाऱ्याची पेटी

एक उदाहरण घेऊ. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. महाभारतात या तीर्थाचे नाव परशुरामाच्या कथेशी जोडलेले आहे, नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात ते आहे आणि ग्रीक नाविकांच्या वृत्तांतातही आहे. येथील 'बुरुड राजाचा कोट' या नावाने ओळखला जाणारा उंचवटा १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. आत विटांचा स्तूप निघाला, स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते तुकडे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे, या श्रद्धेने जपलेले.

ही माहिती पाठ्यपुस्तकात चार ओळींत मावेल, आणि मूल ती परीक्षेनंतर विसरेल. आता तीच पडद्यावर कशी येईल ते पाहा. मुलासमोर बंद दगडी पेटी आहे. ते झाकण उघडते. प्रत्येक डबीपाशी एकच प्रश्न: "धातू बदलला, का बदलला असेल?" सोन्याच्या डबीत मातीचे तुकडे निघाले की मूल थबकते. सर्वांत मौल्यवान धातूच्या आत सर्वांत स्वस्त वस्तू! मोल पदार्थाचे नसते, श्रद्धेचे असते, हे सांगायला मग व्याख्यान लागत नाही.

पुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे निघाले. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. परंतु आठ मूर्तींची घडण त्यानंतरच्या शतकांतील आहे. मग मूर्ती आत गेल्या कशा? मुलाला तीन पर्याय द्यावेत आणि प्रत्येक पर्यायाला पुराव्यापाशी परत न्यावे. स्तूप मागाहून उघडून, डागडुजी करून पुन्हा बंद केला असावा, या निष्कर्षापाशी ते स्वतः पोहोचले, तर ते काही नुसते ऐकून शिकलेले नसेल. आपल्या पूर्वजांनी शतकांनंतरही हा ठेवा सांभाळला, ही जाणीव त्याच्या मनात कायमची राहील. चुकीच्या उत्तरावर लाल फुली आणि कर्कश आवाज, ही पद्धत येथे कामाची नाही. "पुन्हा नाणे पाहा," एवढे सांगणारे संकेतस्थळ हेच खरे गुरुजी.

एका पत्राच्या चार पायऱ्या

आता दप्तराकडे वळू. मोडी पत्राचे नुसते छायाचित्र मुलापुढे ठेवले तर ते दोन क्षणांत पुढे जाईल. त्यासाठी चार पायऱ्या हव्यात. पहिली, मूळ पत्राचे मोठे करून पाहता येणारे छायाचित्र. दुसरी, ओळीखाली ओळ असे बाळबोध लिप्यंतर. बाळबोध शब्दावर बोट ठेवताच मोडीतला तोच शब्द उजळावा. तिसरी, आजची मराठी. चौथी, शब्दांचा कोश: मोर्चा, सुरुंग, शिबंदी, कौल म्हणजे काय, ते सांगणारा. जून २०१४ मध्ये मोडी लिपी युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. ब्राह्मी तर २०१० पासूनच तेथे आहे. त्यामुळे ही अक्षरे चित्र म्हणून नव्हे, तर अक्षरे म्हणून लिहिणे, शोधणे आता शक्य आहे.

पत्रावरील तारीख हाही एक सुंदर खेळ होऊ शकतो. त्या काळच्या कागदांत शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहीत. तिसा म्हणजे नऊ, सलासीन म्हणजे तीस, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मुलाने बेरीज करावी: ११३९. मृगसालाच्या आधीच्या महिन्यांसाठी त्यात ६०० मिळवावेत. उत्तर येते १७३९, म्हणजे वसईच्या विजयाचे वर्ष! कोड्यासारखे सोडविलेले साल मूल विसरत नाही. तसेच तारखांचे. पोर्तुगीज त्या वेळी ग्रेगोरियन कालगणना पाळत, इंग्रज १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन. दोहोंत तेव्हा अकरा दिवसांचा फरक होता. म्हणून पोर्तुगिजांचा १६ मे तो इंग्रजांचा ५ मे. पुस्तकात दोन तारखा दिसल्या की "इतिहासकार गोंधळलेले आहेत" असे म्हणून हसणारा मुलगा, हे एकदा समजले की दुसऱ्याला समजावून सांगू लागतो.

नावांचेही भान हवे. वसई, पोर्तुगिजांचे बासाईं, इंग्रजांचे बसीन, मराठी अमदानीतील बाजीपूर. यांपैकी कोणतेही नाव टंकले तरी सारे कागद समोर यायला हवेत. नाही तर एका गावाचा इतिहास चार नावांत विभागून हरवतो.

कागद, बखर आणि श्रद्धा

असे संकेतस्थळ उभारताना सर्वांत मोठी कसोटी लागते ती सत्यनिष्ठेची. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. ती या मोहिमेनंतर तेथे पोहोचली. विजयचिन्ह म्हणून तिचा मान आहे. वज्रेश्वरी देवीला चिमाजी आप्पांनी नवस केला आणि विजयानंतर मंदिर बांधले गेले, ही परंपरा घराघरांत सांगितली जाते. दोन्ही गोष्टी संकेतस्थळावर असायलाच हव्यात. मात्र प्रत्येकीवर आपली ओळख लिहिलेली असावी. समकालीन कागद एका रंगात, मागाहून लिहिलेली बखर दुसऱ्या रंगात, लोकश्रद्धा तिसऱ्या रंगात. तिन्हींना आदर, पण तिन्हींची गल्लत नाही. मोहिमेतील मृतांचे आकडे साधनागणिक वेगळे आहेत, ते शेजारी-शेजारी ठेवावेत आणि विचारावे, "हा आकडा कोणी लिहिला? का लिहिला?"

आपला अभिमान यामुळे उणावेल, अशी शंका काहींच्या मनात येते. ती अनाठायी आहे. जो अभिमान ऐकीव गोष्टींवर उभा असतो, तो पहिल्याच अवघड प्रश्नाला कोसळतो. पुराव्यावर उभा असलेला अभिमान प्रश्नांनी अधिक घट्ट होतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद जमविले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, त्यामागे हीच श्रद्धा होती. आपला इतिहास आपण लिहायचा तर साधने आधी आपल्या हाती हवीत.

हीच कसोटी धर्मविषयक प्रकरणाला लागू आहे. पोर्तुगीज अमलात या किनाऱ्यावर देवळे पाडली गेली, धर्मांतरासाठी जुलूम झाले. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायसभेचा अंमल सुरू झाला. हे लपवू नये. त्याच वेळी, वसईच्या करारात पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली गेली, हेही ठळकपणे यायला हवे. दोनशे वर्षांच्या अन्यायानंतर जिंकणाऱ्याने दाखविलेला हा संयम म्हणजे हिंदवी राज्यनीतीचा सर्वांत तेजस्वी पुरावा आहे. आजचा वसईतील ख्रिस्ती समाज याच मातीचा आहे. त्याच्या वाड्यांतून सामवेदी बोली नांदते. याच भागातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या घरांतील गाणी, दागिन्यांची नावे, शेतीचे शब्द हेही वसईच्या संग्रहाचे धन आहे. शेजाऱ्याच्या मुलाला जे संकेतस्थळ परके वाटेल, ते वसईचे नव्हे.

विजयाचे पान आणि पराभवाचे पान

इतिहासाची आणखी एक शिकवण आहे, आणि ती आपल्याला अधिक बोचणारी आहे. १७३९ मध्ये जो किल्ला मराठ्यांनी सुरुंग लावून, बुरूज पाडून, रक्त सांडून घेतला, तो १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. सालबाईच्या तहाने तो परत आला खरा. पण ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ पराभव झाल्यावर पेशवा इंग्रजांच्या आश्रयाला आला होता. इंग्रजी पलटणी पोसायच्या आणि त्यासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, असे त्याने कबूल केले. चिमाजी आप्पांचा तह आणि त्यांच्याच नातवाचा… नव्हे, त्यांच्या बंधूच्या नातवाचा तह. दोहोंमध्ये अवघी ६३ वर्षे!

संकेतस्थळावर हे दोन तह शेजारी-शेजारी ठेवावेत. मुलाने दोन्हींची कलमे वाचावीत आणि एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: "मधल्या काळात काय बिघडले?" पहिल्या मोहिमेत शंकराजी केशव, रामचंद्र हरी पटवर्धन, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे अशी माणसे एका कामात गुंतलेली दिसतात. दुसऱ्या वेळी शिंदे, होळकर आणि पेशवे एकमेकांविरुद्ध उभे आहेत. संघटनेचे महत्त्व पटवून देणारा याहून प्रभावी पाठ कोणता? आणि तो पाठ कोणी उपदेशून शिकवायचा नाही. दोन कागद शेजारी ठेवायचे, एवढेच. केवळ विजयाचे पान दाखविणारा इतिहास मुलांना सुखावतो. दोन्ही पाने दाखविणारा त्यांना सावध करतो.

टिकणारे काम

काही व्यावहारिक गोष्टी. पहिली, हे संकेतस्थळ साध्या भ्रमणध्वनीवर, कमी वेगाच्या जोडणीवर चालले पाहिजे. जड चलच्चित्रांनी भरलेले पान येथील बहुसंख्य मुलांपर्यंत पोहोचणार नाही. दुसरी, दृष्टिहीन मुलांसाठी प्रत्येक चित्राचे शब्दांत वर्णन असावे. तिसरी, तंत्र असे निवडावे की जे दहा वर्षांनी मरणार नाही. एके काळी जगभरातील संग्रहालयांची अनेक संवादी दालने 'फ्लॅश' या तंत्रावर रचलेली होती. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याचा आधार संपला आणि अशी दालने बंद पडली. मराठीतही युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला पुष्कळ मजकूर आज वाचता येत नाही. म्हणून खुली, सर्वमान्य मानके वापरावीत आणि साऱ्या सामग्रीच्या प्रती दोन-तीन ठिकाणी राखाव्यात. चौथी, संग्रहालयांची छायाचित्रे त्यांच्या रीतसर परवानगीनेच घ्यावीत आणि श्रेय तेथेच नमूद करावे.

मनुष्यबळाचे काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० मध्ये तत्त्वज्ञ बेंथम याच्या हस्तलिखितांच्या वाचनाचे काम सर्वसामान्य लोकांसाठी खुले केले. घरबसल्या स्वयंसेवक पाने वाचून देऊ लागले. सेवाभावाची परंपरा ज्या समाजात आहे, त्याला हे अशक्य का व्हावे? मोडी शिकलेली निवृत्त मंडळी गावोगावी आहेत. त्यांना दर आठवड्याला एक पत्र द्यावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने तपासावे. शिक्षकांनी आपल्या वर्गात प्रत्येक पाठ प्रथम चालवून पाहावा, आणि मूल जेथे अडते तेथे पाठ बदलावा, मुलाला दोष देऊ नये. संगणक शिकणाऱ्या तरुणांनी रचना सांभाळावी. गृहिणींनी आजींच्या तोंडची गाणी, गावांची जुनी नावे ध्वनिमुद्रित करावीत.

शेवटी एक लक्षात ठेवावे. पडदा हे साध्य नव्हे. ज्या दिवशी मूल पडद्यावरचा बुरूज पाहून म्हणेल, "रविवारी मला सेबास्तियनचा बुरूज प्रत्यक्ष पाहायचा आहे," त्या दिवशी संकेतस्थळाचे काम झाले असे समजावे. म्हणून प्रत्येक पाठाच्या अखेरीस एक पत्ता असावा: सोपाऱ्याचा स्तूप, अर्नाळ्याचा दरवाजा, किल्ल्यातील चिमाजी आप्पांचे स्मारक. येथून ही स्थळे एखाद-दोन तासांच्या अंतरावर आहेत. उद्याचे संकेतस्थळ होईल तेव्हा होईल, येत्या रविवारी आपल्या मुलाचा हात धरून यांपैकी एका ठिकाणी जावे, आणि तेथे उभे राहून त्याला उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारावा, "हे आपल्याला कशावरून कळले?" कामाचा आरंभ तेथूनच होईल.